डाव्या बाजूचं मागचं चाक

आमचे हे, म्हणजे राघो वेखंडे, माणूस वाईट नाय. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकलंत की तुमी बोलाल, बाई, संसार केलास तरी कसा? केला. अजून करतेच आहे.

यांचा जन्म संशयातच झाला असावा. दूधवाला वळला रे वळला की हे पातेल्यात बोट बुडवून थेंब नखावर धरणार. गॅसची टाकी आली की आधी काट्यावर, मग घरात. शहापूरच्या बाजारात कलिंगड घेतलं तर तिथंच कापायला लावणार, आणि त्याआधी सुरी पुसायला लावणार. मला बघायला मुरबाडला आले तेव्हा मला नाव विचारलं, मी सांगितलं, कमळ. पोहे खाऊन झाल्यावर हात धुवायच्या निमित्तानं शेजारच्या हौसाकाकूच्या ओट्यावर गेले आणि तिला विचारलं, "मावशी, बाजूच्या पोरीचं नाव काय?" तिनं पण कमळच सांगितलं तेव्हा कुठं लग्न ठरलं. हे मला हौसाकाकूनं हळदीच्या दिवशी सांगितलं. तेव्हा मला हसू आलं होतं. नवीन होते मी.

नोकरी पण तशीच मिळाली. तानसाच्या पाइपलाइनवर होते. मुंबईला पाणी नेणाऱ्या त्या मोठ्या नळांच्या कडेनं चालत जायचं आणि कुठं गळतंय का, कुणी भोक पाडलंय का ते बघायचं. जन्मभर हेच काम. उन्हाळ्यात एखाद्या ठिकाणी गवत जरा जास्त हिरवं दिसलं की हे लगेच ओळखायचे, इथं पाणी मुरतंय. नोकरीतून रिटायर झाले, पण ती नजर काय रिटायर झाली नाय. आता घरात, गावात, सोयऱ्याधायऱ्यांत, यांना सगळीकडं हिरवं गवत दिसतं.

तर ही गोष्ट आमच्या गाडीच्या टायरांची. गाडी घेतली आमच्या ओमकारनं. सात माणसं बसतील अशी, चांगली उंच, शेताच्या वाटेनं पण जाते. ओमकार भिवंडीला गोदामात नोकरीला, तिकडंच खोली करून राहतो, म्हणून गाडी आमच्या दारात आणि किल्ली यांच्या खिशात. गेल्या पावसात किन्हवलीच्या उतारावर यांनी ब्रेक दाबला, तर गाडी थांबायचं सोडून आपली सरकत गेली आणि शेताच्या बांधाला जाऊन टेकली. मी शेजारी बसलेली. माझ्या तोंडातून देवाचं नाव पण निघेना. उतरून बघितलं तर टायरांच्या खाचा पार गेलेल्या, हात फिरवला तर घासून गुळगुळीत. ओमकार फोनवर बोलला, "बाबा, आता नवीन घ्या. चारी घ्या. चालढकल नको."

घ्यायचे ते खरं, पण घ्यायचे कुठून? हायवेवरच्या मोठ्या दुकानात गेलो. काचा, लाइटी, बसायला सोफा. हे बाहेर येऊन मला हळूच बोलले, "दुकानच एवढं चकचकीत, मंग माल कसला असंल?" दुसऱ्या दुकानात धूळ होती. तिथं बोलले, "बघ, माल पडून हाय नुसता." खर्डीच्या एकानं स्वतःहून चहा पाजला, तर त्याच्याकडं परत गेलेच नाय. चहा पाजतो म्हणजे काहीतरी लपवतो.

टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं. हे ओमकारनं यांना शिकवलं आणि पस्तावला. आता हे प्रत्येक दुकानात बॅटरी घेऊन टायरात डोकं घालायचे. आकडा ताजा निघाला तरी समाधान नाय. "आकडे काय, छापणारा पण माणूसच ना!" नखानं रबर दाबायचे, नाक लावून वास घ्यायचे. एका दुकानदारानं शेवटी विचारलं, "काका, टायर घ्यायचाय की आंबा?" मी पदर तोंडाला लावून बाहेर पळाले.

आणि इथंच मी तोंड उघडलं. माझा भाऊ भगीरथ, माझ्या पाठचा, त्याचं मुरबाडला टायरचंच दुकान. आई-बापूस गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तेवढं एकच घर आणि त्या घरातला तो. मी बोलले, "अहो, घरचं दुकान सोडून जगभर काय फिरताय? भगीकडून घ्या ना."

हे बोलले, "घरच्याकडून घेतलं की भांडता येत नाय."

मला आला राग. माझा भाऊ काय भांडायच्या लायकीचा माल विकतो? बोलायला नको होतं ते बोलून बसले. "माझा शब्द घ्या. भगीरथाच्या टायरात खोट निघाली तर मी माहेरची पायरी चढणार नाय. भाऊबीज पण करणार नाय. झालं समाधान?"

यांनी माझ्याकडं वळून बघितलं. मग बोलले, "ध्यानात ठेव हां." मी तेव्हाच पस्तावले होते, पण शब्द गेलेला.

मुरबाडला गेलो. भगीरथ दुकानातून धावत बाहेर आला, "या दाजी, या. ताई, आत बस, सरस्वती चहा टाकते." सरस्वती म्हणजे त्याची बायको. दुकानाच्या मागंच घर. यांनी "चहा नंतर" असं सांगितलं आणि थेट मालाकडं गेले. भगीरथनं शांतपणे सगळं दाखवलं. आमची वाट थोडी डांबरी थोडी दगडाची, म्हणून फार नक्षीचा जाडजूड टायर नको, रस्त्यावर आवाज करतो, आणि अगदी शहरातला पण नको, असा मधला त्यानं काढला. पहिला चारांचा जोड यांनी परत पाठवला, का, तर त्यावरचा कागद एका कोपऱ्यात फाटलेला. दुसरा जोड पसंत पडला. चढवताना हे कारागिराच्या खांद्याशी उभे. प्रत्येक टायरच्या आतल्या बाजूला यांनी सफेद रंगानं फुली आणि त्याखाली ठिपका काढला. ही आमची भाताच्या गोणीवरची खूण. गिरणीत गोण्या बदलू नयेत म्हणून काढतो तीच.

"दाजी, टायर कोण बदलणार?" भगीरथ हसला.

"कोण नाय. म्हणूनच काढतो," हे बोलले.

जुने टायर पण तिथं ठेवले नाय. ते विकून खाल्ले तर? चारी गाडीत घालून घरी आणले. आता त्यात आमच्या कोंबड्या बसतात.

निघताना भगीरथनं सांगितलं, हवा आठवड्यातून एकदा बघा, सकाळी गाडी फिरवायच्या आधी, टायर थंड असताना. गाडीच्या दरवाज्याच्या आत कागद चिकटवलेला आहे, त्यावर लिहिलीय तेवढीच भरा, जास्त पण नको, कमी पण नको. आणि थोडी गाडी फिरली की घेऊन या, पुढची चाकं मागं, मागची पुढं करून देतो, म्हणजे सारखी झिजतील. बाहेर पडल्यावर हे मला बोलले, "मागची पुढं? त्या गडबडीत एखादं इकडचं तिकडं केलं तर कळणार पण नाय." मी खिडकीतून बाहेर बघत बसले. सगळ्याच गोष्टींना उत्तर द्यायला लागले तर माझा गळा बसेल.

पण सांभाळलेत मात्र टायर! पोटच्या पोराला असं सांभाळलं नाय. हवा बघायचं यंत्र घेतलं, मग ते खरं सांगतंय का बघायला दुसरं घेतलं. सकाळी चूळ भरायच्या आधी चाकाशी बसलेले असायचे. खाचांत अडकलेले खडे खिळ्यानं काढायचे. हवा भरायच्या तोंडावरच्या टोप्या कुणी चोरील म्हणून प्रवासाला निघालं तरच लावायचे, एरवी डब्यात. ओमकार सुट्टीला आला आणि त्यानं सहज एका टायरला पाय लावून बघितला, तर त्याला घरात बोलावून विचारलं, "लाथ का मारलीस?"

आणि शनिवारचं लिंबू-मिरची. सगळे बाजारातलं घेतात, बांधलेलं मिळतं. पण शहापूरला एसटी स्टँडाकडं विकतो तो जुनीच लिंबं पुसून परत ओवतो असा यांचा संशय. म्हणून लिंबू परसातलं, मिरच्या परसातल्या, कोळसा चुलीतला, आणि सगळं स्वतः ओवायचं. दोऱ्यात नाय. दोरा कुणी पण ब्लेडनं कापील. आमच्या मोटरसायकलची तुटलेली क्लच वायर होती, तिचे पदर सोडवून ठेवलेले, त्या बारीक तारेत ओवायचे, वर आकडा वळवायचा आणि पुढच्या नंबरप्लेटला अडकवायचे. जुनं काढलं की लोक तिठ्यावर टाकतात. हे टाकणार नाय. कुणी उचलून आपल्यावरच काहीतरी केलं तर? गाडीला लागलेली नजर गाडीनंच चिरडली पाहिजे, असं यांचं म्हणणं. पीडा मागून आणि डाव्या अंगानं जाते, असं पण यांनी कुठून तरी ऐकलेलं. म्हणून दर शनिवारी जुनं लिंबू-मिरची फाटकाशी ठेवायचं आणि गाडी उलटी घेत त्यावरून बाहेर काढायची. संध्याकाळी मी तो चेंदामेंदा खराट्यानं दूर सारायची. हात कोण लावणार उताऱ्याला? बघत पण नव्हते मी त्याच्याकडं.

दसऱ्याच्या आधी एका सकाळी हे चाकाशी बसले ते उठेचनात. मग हाक आली, "कमळ, इकडं ये." डाव्या बाजूचं मागचं चाक जरा बसलेलं. यंत्र लावून बघितलं, हवा कमी. दुसरं यंत्र लावलं, त्यानं पण तेच सांगितलं. यांच्या चेहऱ्यावर मी जे बघितलं त्याला आनंद बोलायला जीभ धजत नाय, पण दुसरं काय बोलणार? इतके दिवस शोधत होते ते सापडलं होतं.

हवा भरून गाडी फाट्यावर मंगळूकडं नेली. मंगळू पंक्चर काढतो, आमच्या डोंगरपाड्यावरचा, सरळ माणूस. त्यानं साबणाचं पाणी मारलं, बुडबुडे आले, पकडीनं एक बारीक तार ओढून काढली आणि पट्टी भरली.

"तार हाय दादा."

यांनी ती तार हातात घेतली, उन्हात धरली. "मंगळू, टायरात आतून तार असते ना रे?"

"असते की. बारीक तारेचं जाळं असतं आतून."

बस. मंगळू खोटं बोलला नाय. यांनी विचारलं तेवढंच त्यानं सांगितलं. पण घरी येईपर्यंत यांचं सगळं ठरलं होतं. "टायर आतून उसवतोय," हे बोलले. "नवीन टायर उसवंल? जुन्यावर नवीन रबर चढवून दिलाय तुझ्या भावानं." तार तंबाखूच्या रिकाम्या डबीत गेली आणि डबी कपाटात गेली.

मी बोलले, "रस्त्यावर हजार तारा पडलेल्या असतात. एक लागली असेल."

"बघू."

पुढच्या आठवड्यात तेच. तेच चाक, तशीच तार. त्याच्या पुढच्या आठवड्यात परत. चारातलं एकच चाक, आणि दर वेळी तीच बारीक, चकचकीत, कडक तार. हे आता ओरडत पण नव्हते. शांतपणे डबी उघडायचे, तार आत टाकायचे, झाकण लावायचे आणि माझ्याकडं बघायचे. ओरडले असते तर बरं झालं असतं, मी पण ओरडले असते.

आणि खरं सांगू? माझ्या पण मनात पाल चुकचुकली. एकदा रस्त्यावरची तार लागेल, दोनदा लागेल. दर आठवड्याला, त्याच चाकात? मी भगीरथाला फोन लावला. उचलला नाय. परत लावला. बिझी. संध्याकाळी त्याचा आला, "ताई, गिऱ्हाइकं आहेत गं, नंतर बोलू?" पूर्वी हे ऐकून मी बोलले असते, बिचारा दमतोय. आता वाटलं, टाळतोय. सरस्वती त्या दिवशी चहा देताना माझ्याकडं न बघता आत गेली होती, ते आठवलं. पहिला जोड यांनी परत पाठवल्यावर भगी दुसरा आणायला आत गेला तो बराच वेळ आला नव्हता, ते आठवलं. लहानपणी गूळ खाऊन, ओठांना गूळ तसाच ठेवून, "मी नाय खाल्ला" असं डोळ्यात डोळे घालून सांगायचा, ते पण आठवलं. बाई गं! मेला गूळ तो, पाचवीतल्या पोराचा. त्याचा आणि टायरांचा काय संबंध? स्वतःचीच एवढी चीड आली की हातातली भाकर तव्यावर करपली. चाळीस वर्षांत यांचा एक गुण मी घेतला नव्हता, आणि घेतला तर हा.

दिवाळी तोंडावर आली. घरात फराळाचा वास, मी लाडू वळतेय, आणि हे येऊन समोर बसले. "शनवारी मुरबाडला जायचं. चारी टायर त्याच्या दारात टाकायचे. आणि तुझा शब्द तुला ठावा हाय."

"भाऊबीज आहे हो पुढं."

"तूच बोल्लीस. मी बोल्लो काय?"

हातातला लाडू फुटला. मी रडले, अगदी मोठ्यानं रडले. हे उठून बाहेर गेले. दगड नाय यांचं काळीज, बाहेर ओट्यावर पाठ करून बसलेले मला दिसत होते. पण गवत हिरवं दिसलं की हे खणल्याशिवाय राहत नाय, मग ते कुणाच्या दारातलं का असेना.

शनिवार उजाडला. यांनी जुनं लिंबू-मिरची काढलं, नवीन अडकवलं. जुनं नेमानं फाटकाशी ठेवलं, गाडीत बसले, उलटी घेत डावं मागचं चाक त्यावरून नेलं, बाहेर रस्त्यावर गाडी उभी केली आणि हाक दिली, "फाटक लाव आणि चल."

मी फाटक ओढलं. पायाशी लिंबू चिरडून पडलेलं. मिरच्या इकडं तिकडं, कोळशाचा भुगा. रडून रडून डोळे जड झालेले, मान खाली, म्हणूनच दिसलं असेल. लिंबू होतं, मिरच्या होत्या, कोळसा होता. तार नव्हती.

मी खाली बसले. उताऱ्याला हात लावू नये हे मला पण ठाऊक आहे. पण लावला. लिंबाची साल उलटली, मिरच्या चाचपल्या, आजूबाजूची माती बघितली. आकड्यासकट अख्खी तार गायब. रस्त्यावर उभ्या गाडीच्या त्या चाकाकडं माझी नजर गेली आणि मी तशीच बसून राहिले.

"काय सांडलं?" हे ओरडले.

"काय नाय," मी बोलले. पदराला हात पुसले आणि गाडीत जाऊन बसले.

तुमी बोलाल, तिथंच का नाय सांगितलंस? अहो, सांगून उपयोग काय? यांनी लगेच विचारलं असतं, हे तुला फोनवर कुणी शिकवलं? आणि माझा अंदाज चुकला तर? तार मातीत दबली असली, कोंबडीनं ओढून नेली असली तर? किन्हवली गेलं, सरळगाव गेलं, माझे कान मागच्या चाकाकडं. आयुष्यात कधी मागितलं नाय ते त्या दिवशी देवाकडं मागत होते. देवा, दोघांतला एक जण तर आज उघडा पडणारच आहे. नवरा मूर्ख निघू दे, पण भाऊ चोर नको.

दुकानाशी गाडी थांबली. भगीरथ नेहमीसारखा धावत आला, "या दाजी!" यांनी हात पण जोडले नाय. टेबलावर डबी ठेवली, उघडली, तारा ओतल्या. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती पण वळून बघायला लागली.

"हे काय?" भगीरथ बोलला.

"तुझ्या टायरातून निघालं. एकाच टायरातून. नवीन सांगून काय गळ्यात मारलंस ते तूच सांग आता. सख्ख्या बहिणीला पण सोडलं नायस."

भगीरथचा चेहरा पांढरा पडला. यांना सोडून तो माझ्याकडं वळला. "ताई, तुला पण असंच वाटतं?"

"नाय रे," मी बोलले. पण लगेच नाय बोलले. मध्ये एक क्षण गेला, आणि तो क्षण भगीनं बघितला. मागच्या दाराशी आलेल्या सरस्वतीनं पण बघितला.

मग मी आवाज चढवला, कारण दुसरं काय करणार? "भगी, ते चाक काढ. डावं मागचं. आत्ता, सगळ्यांसमोर."

"माझ्यासमोर," हे बोलले आणि चाकाजवळ जाऊन उभे राहिले.

चाक निघालं. आतल्या बाजूला यांची फुली आणि ठिपका जसाच्या तसा. भगीरथनं साबणाचं पाणी मारलं. एका खाचेतून बारीक बुडबुडे यायला लागले. तो पकड घेऊन खाली बसला, टोक पकडलं, हळूहळू ओढलं. तार आली. आणि तारेच्या बाहेरच्या टोकाला, खाचेत दाबून बसलेली, हिरव्या मिरचीची साल आली, तिला एक बी चिकटलेलं.

मी गाडीच्या पुढं गेले, नंबरप्लेटचं नवीन लिंबू-मिरची काढलं आणि टेबलावर त्या डबीतल्या तारांशेजारी ठेवलं. तीच क्लच वायरची तार. तीच जाडी, तीच चकाकी.

"तुमी दर शनिवारी त्याच चाकाखाली घालता," मी बोलले. "लिंबू चिरडतं आणि तार उभी राहते. दुसऱ्या कुणी नाय, तुमीच पंक्चर करताय."

सरस्वती दारात फस्सकन हसली. ती गिऱ्हाइकं पण हसली. भगीरथ हसला नाय.

हे टेबलाशी वाकले. लिंबू-मिरचीची तार बोटांत धरली, डबीतली एक धरली, दोन्ही उन्हाकडं केल्या. केवढा वेळ! शेवटी बोलले, "ती क्लच वायर कुणी दिलीवती?"

"अहो, तुमच्याच मोटरसायकलची! तुमीच काढली, तुमीच सोडवली, मला हात लावू दिला नाय!"

मग मात्र हे स्टुलावर बसले. सरस्वतीनं पाणी आणलं. ते यांनी घेतलं आणि न बघता, न हुंगता, घटाघटा प्यायले. चाळीस वर्षांत असं पाणी पिताना मी यांना बघितलं नव्हतं. "भाऊबीजेला ये रे," एवढंच भगीरथला बोलले. माफी मागणं यांना जमत नाय, तेवढ्यातच समजून घ्यायचं. डबी उचलली आणि दुकानाबाहेरच्या कचऱ्याच्या पिंपात टाकली.

मला वाटलं, संपलं. वाचलं माझं माहेर. येताना किन्हवलीला मी यांना भजी पण खायला लावली, एवढी मी खूश. घरी पोचल्यावर यांनी उरलेली क्लच वायर परसात खड्डा करून पुरली. लिंबू-मिरची आता दोऱ्यात ओवतात, आणि चिरडत नाय, झाडाच्या बुंध्याशी ठेवतात.

भाऊबीजेला भगीरथ एकटाच आला. सरस्वतीला बरं नाय, असं बोलला. मी पाट मांडला, ओवाळलं. त्यानं ताटात साडी ठेवली, लाडू खाल्ले, ओमकारची थट्टा केली, सगळं रीतसर. पण दर वर्षी स्वयंपाकघरात घुसून टोपातलं खातो, तसा घुसला नाय. मांडलं तेवढं जेवला.

निघताना अंगणात गाडीजवळ थांबला. एरवी न विचारता चाकाशी बसायचा, टायरवर थाप मारायचा. त्या दिवशी त्यानं विचारलं, "दाजी, हवा बघू का? चालेल ना?"

हे ओट्यावर होते. या माणसानं कुणाला कधी चाकाला हात लावू दिला नाय, लावू दिला तर मानगुटीवर उभा राहून. मी बघतच राहिले. हे बोलले, "बघ की. तुझीच गाडी." आणि पाठ फिरवून घरात गेले. मुद्दाम गेले, मला कळलं. भगीला पण कळलं असेल. आत जाऊन हे पलंगावर बसले आणि दाराकडं एकदा पण बघितलं नाय. या माणसाला ते किती जड गेलं असेल ते मलाच ठाऊक. माझे डोळे भरून आले.

भगीरथ खाली बसला. डाव्या बाजूच्या मागच्या चाकाला यंत्र लावलं, बघितलं. मग पुढं वाकून चाकाच्या आतल्या बाजूला हात घातला.

आत कशाला हात घातला असेल यानं?

मी ओट्याच्या पायरीवर उभी होते. नुसती उभी नाय, पायाच्या चवड्यांवर, मान लांब करून, त्याचा हात कुठं जातो ते बघत. भगीरथनं वर बघितलं. त्याच्या बोटांत चाकातून काढलेला चिखलाचा गोळा होता. मी कुठं बघत होते ते त्यानं बघितलं, मग हातातला चिखल बघितला, आणि तो गोळा माझ्या नजरेसमोर हळूच खाली ठेवला.

"चहा टाकू का रे?" मी बोलले.

"नको ताई," तो बोलला. "निघतो आता."